धुतलेले सदरे

कावेरी बाजारातून परतली तेव्हा गावाहून आलेल्या सिंधूआत्याने अण्णांचे सगळे सदरे सोड्यात उकळून दोरीवर वाळत घातले होते.

“आत्या, दारावरचाही धुतलास?”

“सुतक फिटलं ना? आयुष्यभर त्याने एक धुऊ दिला नाही. शी, कसला वास तो.”

कचरा डेपोवर शहराची घाण खायला पाळलेले टोळ मेलेलं ढोरसुद्धा तासाभरात संपवत. अण्णा त्यांचे राखणदार. पिल्लं असल्यापासून टोळांना अण्णांच्या घामाचा वास ओळखीचा होता. तो जिथे येई तिथे ते तोंड लावत नसत. म्हणून डेपोलगतच्या या घराच्या दाराला अण्णांचा मळका सदरा टांगलेला असे.

कावेरी दार लावायला धावली, पण डेपोवरून थवा उठला होता. कौलांवर गारा पडल्यासारखा आवाज झाला आणि खिडकीची जाळी फाटली. आत्या किंचाळत खाली पडली. तिचा गाल सोलून निघाला, एक कान गेला.

कावेरीने पेटीतून प्लास्टिकची पिशवी ओढली. अण्णांच्या उशीचा अभ्रा तिने त्यात जपून ठेवला होता; रोज एकदाच, घाईने हुंगून ती पिशवीची गाठ मारायची. तो तिने आत्याच्या चेहऱ्यावर दाबला आणि तिच्या अंगावर आडवी झाली. कावेरीच्या पाठीचे दोन-चार लचके तोडून टोळ बिचकले, उठले आणि निघून गेले.

“अण्णा आला होता गं,” आत्या अभ्र्याखालून पुटपुटली.

कावेरीने अभ्रा उचलून नाकाशी नेला. त्याला आता नुसता रक्ताचा वास येत होता.