जुन्या गावाचं नाव

साहेबांनी सुनावणीची सुरुवात सत्कारानं केली.

शाल, नारळ, प्लास्टिकच्या कागदातला गुच्छ. सगळं एलन हार्पर नावाच्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईला. धानोऱ्यापासून आत, जंगलातल्या या गावात साहेब पहिल्यांदाच आले होते. बाई तरुणपणापासून येत होती.

"प्रोफेसर मॅडम अमेरिकेत विद्यापीठात इतिहास शिकवतात," साहेब माइकवर म्हणाले. "आपल्या भागाच्या अभ्यासात आयुष्य गेलं त्यांचं. त्यांचं पुस्तक जगभर वाचतात. पुरस्कार आहेत. त्यांचे विद्यार्थी आज स्वतः प्रोफेसर आहेत. तेव्हा मॅडम म्हणतील ते प्रमाण."

टाळ्या साहेबांच्याच माणसांनी वाजवल्या. गाव सतरंजीवर बसलं होतं. ग्रामसभेनं वनहक्क कायद्याखाली आपल्या हद्दीतला डोंगर मागितला होता, त्याचीच ही सुनावणी. तोच डोंगर खाणवाल्यांना पाहिजे होता. बाईला गावानंच बोलावून आणलं होतं, आपल्या बाजूनं बोलेल म्हणून.

साहेबांनी तिच्या पुस्तकातली एक ओळ वाचली. "या ठिकाणी पूर्वी वस्ती नव्हती. घरं अलीकडची आहेत. हे तुमचंच ना, मॅडम?"

"माझंच."

"म्हणजे लोक मागाहून आले. मग डोंगर यांच्या हद्दीत कसा धरायचा?"

एलन उठली. "घरं नवी होती. माणसं नवी नव्हती. यांचं जुनं गाव याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतं. तिथं साथ आली, माणसं मेली, म्हणून घरं सोडून अलीकडे आले. हद्द तीच. मी अर्धंच लिहिलं."

"इतकी वर्षं अर्धंच शिकवलं?" साहेब हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "ठीक. जुन्या गावाचं नाव बोलून सांगा, व्हिडिओत नोंद लागते. जुन्या नकाशावर सापडलं तर डोंगर यांचा, मी तशी शिफारस करतो. नाही तर पुस्तक आहेच."

नाव एलनला माहीत होतं. इंग्रजांच्या एका नकाशावर तिनं ते गेल्या वर्षीच वाचलं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांनाही माहीत होतं, पण घेत कोणीच नव्हतं. साथीनं खाल्लेल्या गावाचं नाव नव्या गावात घ्यायचं नाही. घेतलं की साथ मागोमाग येते आणि पोरांपासून सुरू करते. म्हाताऱ्यांनी नातवंडांना ते सांगितलं नव्हतं आणि नातवंडांनी विचारलं नव्हतं.

"सांगा न मॅडम," ग्रामसभेचा अध्यक्ष दिनेश म्हणाला. "काऊन थांबून राह्यल्या? अमेरिकेत तं मोठमोठ्या सभा गाजवता म्हणे."

"दिन्या, पोरगी मांडीवर घेऊन बसला तू," मागून बुधरी बोलली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई ती. "पहिले तिले दूर ठेवून ये. मंग शानपणा कर."

"आजी, डोंगर गेला तं ही पोरगी का खाईन? माती बी नाई राहणार खायले."

बुधरी डोंगराकडे पाहू लागली. तिची दोन लेकरं पलीकडच्या जुन्या गावात पुरलेली होती.

एलन माइक या हातातून त्या हातात घेत राहिली. शालीखाली घामानं भिजली होती, पण शाल काढायचं तिला सुचत नव्हतं. आयुष्यभर तिनं मेलेल्या गावांची नावं मोठ्यानं वाचली होती. वर्गात वाचली, परिषदांत वाचली, नंतर टाळ्या घेतल्या, जेवायला गेली. तिथं कुणाचं पोर समोर बसलेलं नव्हतं.

"मॅडम, मला पुढं मीटिंग आहे." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "लिहू का, नाव माहीत नाही म्हणून?"

"थांब," बुधरी साहेबांना म्हणाली.

गुडघ्यावर हात टेकून ती उठली. बायांकडे वळून गोंडीत दोन शब्द बोलली. बायांनी पोरं ओढून घेतली आणि त्यांचे कान दाबून धरले. दिनेशचा चेहरा उतरला. त्यानंही मुलीचे कान तळहातांनी झाकले.

बुधरीनं नाव घेतलं. हळू नाही घेतलं.

कारकून मोबाइलवर सुनावणीचा व्हिडिओ काढत होता. त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"आजीचं कसं धरणार? त्या तर मागणाऱ्यांतल्याच. मॅडमनी सांगावं. त्यांच्या शब्दाला वजन आहे."

"मी बोलली न," बुधरी म्हणाली. "माही दोन लेकरं आहेत तिथी. तिचं कोण आहे?"

"तसा नियम आहे, आजी."

बुधरी उभ्या उभ्या साहेबांकडे पाहत राहिली. साहेबांनी कागद खालीवर केले. मग ती एलनला म्हणाली, "सांग बाई तू. पण एकदाच सांग."

एलननं माइक तोंडाशी नेला आणि नाव घेतलं. भोंग्यातून ते गावभर गेलं, पार शेवटच्या घरापर्यंत.  मांडवात एक लहानगं आईचे हात कानांवरून काढायला धडपडत होतं, आणि आई हात सोडत नव्हती.

कारकुनानं मोबाइलवर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"मॅडम, व्हिडिओत आलं नाही," तो म्हणाला. "परत एकदा घ्या."