वरातीतला बँड

“दहावीच्या अभ्यासाला पुरेल असा लॅपटॉप दाखवा,” पप्पांनी दुकानात शिरताच सांगितलं. माझं डोकंच फिरलं. “पप्पा, शाळा सोडलीय मी! मला लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचेत.”

दुकानदार हसला. “मग दणकट मशीन लागेल, ताई.”

मी एका लग्नाच्या व्हिडिओचा पेनड्राइव्ह लावला. पातळ, चकचकीत लॅपटॉप नवरीच्या हारापाशीच अडकला. दुसरा जाडजूड होता, पण त्यावर व्हिडिओ न अडखळता पळाला. व्हिडिओत वरात आली. पुढे लाल कोटातले पप्पा, गाल फुगवून क्लॅरिनेट वाजवताना.

पप्पा स्क्रीनवर वाकले. “बँडवाल्यांना तर सगळे कापतात. आमचा आवाज काढून वर सिनेमाचं गाणं टाकतात.”

“मी नाही कापत. तुमचाच आवाज ठेवलाय.”

त्यांनी कान लावून सगळं ऐकलं. मग कपाळाला आठ्या पाडल्या. “इथं दम कमी पडलाय माझा. एवढंच काढता येईल का गं?”

पप्पा मला विचारत होते. मी तेवढा तुकडा कापला, पुढचं जोडलं. लॅपटॉप जराही थांबला नाही.

त्यांनी पुन्हा ऐकलं. दुकानदाराकडे वळून म्हणाले, “हाच द्या. पोरीला कामाला लागणार आहे.”