उरलेला अर्धा ग्लास

अमरेशनं आजही ग्लास अर्धाच प्यायला आणि आईच्या परातीशेजारी ठेवून दिला.

"बास, अव्वा. पोट भरलं."

"भरलं म्हणं! चिमणीचं पोट हाय काय तुजं?" गुरम्मानं तव्यावरची भाकरी उलटली आणि उलथनं त्याच्यावर रोखलं. "दूध काय नळाला येतंय व्हय?"

पण ऐकतंय कोण? पोरगं चपला घालून पार गल्लीच्या टोकाला पोचलेलं.

दोन महिने हेच चाललं होतं. दिवाळी झाली आणि या काडीपहिलवानाला अंग कमवायची हुक्की आली. जिम लावली म्हणाला. टॉवेलच्या कारखान्यातून येताना परस्पर जातो म्हणाला. तिथल्या सरांनी खुराक सांगितलाय म्हणे. दर रविवारी स्वतः बसून चिवड्यातलं डाळं, भाजलेले शेंगदाणे आणि तीळ मिक्सरला फिरवायचा, डबा भरून ठेवायचा. रोज सकाळी दुधात त्याची पूड आणि गुळाचा खडा. ग्लास कसला, तांब्याच म्हणा की! काठोकाठ भरायचा आणि निम्मा ठेवून उठायचा.

टाकून देणं गुरम्माच्या रक्तात नव्हतं. माहेरी वळसंगच्या खळ्यावर बापानं तिला सांडलेली ज्वारी दाणा दाणा वेचायला लावली होती. पोराचं उष्टं दुसऱ्या कुणाला द्यायचं नसतं, आणि मोरीत ओतायला हात धजत नाही. मग आईच्या पोटाशिवाय त्याला जागा कुठली? शिव्या घालत, नाक मुरडत ती रोज तो अर्धा ग्लास रिता करायची. "किती ग्वाड करतंय मेलं," म्हणायची आणि पुन्हा भाकऱ्या थापायला लागायची.

कडक भाकऱ्यांचा तिचा धंदा होता. श्रावणात याच तव्यापुढं ती भोवळ येऊन पडली होती. डॉक्टर म्हणाले, अंगात काही राहिलं नाही तुमच्या, जरा स्वतःकडं बघा. "व्हय व्हय" म्हणून ती घरी आली आणि सगळ्यांना वाढून उरलं तर खाऊ लागली, अगदी पहिल्यासारखीच. पण आता बघा! एका बैठकीत शंभर भाकऱ्या थापून उठायची आणि वर पायी जाऊन पोचवून यायची. सिद्धेश्वराची कृपा, दुसरं काय? रोज सकाळी ती देवाकडं तोंड करून हात जोडायची.

काळजी होती ती पोराची. आई सुधारली, पोरगं मात्र होतं तसंच वाळकं. लग्नाला आलेलं, आणि मनगट बघावं तर लाटण्याएवढं. एवढा खुराक जातो कुठं? त्या जिमवाल्यानं आपल्या भोळ्या पोराला बनवलंय, असं तिच्या मनानं घेतलं.

त्या दुपारी भाकऱ्या पोचवून येताना ती पिशवीसकट थेट जिममध्ये शिरली. फळीवर ताकदीच्या पावडरीचे मोठमोठे डबे मांडलेले, डब्यांवर दंड फुगवलेल्या माणसांची चित्रं. त्यांच्याखाली खुर्चीत उदयसिंह सर बसले होते.

"दोन महिनं झालं, माज्या पोराच्या अंगावर मूठभर मांस चढंना. काय शिकवताय तुमी त्याला?"

"कुठला पोरगा, मावशी?"

"अमरेश. टॉवेलच्या कारखान्यातला."

सरांनी जरा आठवून बघितलं. "तो इथं येत नाही ओ. एकदाच आला होता, दिवाळीनंतर."

गुरम्मानं हातातली पिशवी खाली ठेवली. पोरगं आपल्याशी खोटं बोललं? कधी नाही ते?

"डबा विचारायला आला होता," सर सांगू लागले. "अंडं चालत नाही म्हणाला, परवडला पाहिजे म्हणाला, आणि तव्यापुढं बसल्या बसल्या पिता आलं पाहिजे. मी म्हटलं, लेका, तव्यापुढं कसली तालीम करतोस? तर म्हणाला, मी नाही, आई बसते तव्यापुढं. मग म्हटलं, हे महागाचे डबे राहू दे. डाळं, शेंगदाणे, तीळ दळ, दुधात कालव आणि दे त्यांना. तर म्हणतो, आधी एक डबा दिला होता सर, तिनं गल्लीत वाटून टाकला."

गुरम्माला तो डबा आठवला, श्रावणात ती पडली तेव्हा पोरानं आणलेला. निम्मा तिनं शेजारच्या दानम्माच्या गरोदर सुनेला दिला होता, निम्मा बहिणीच्या नातवंडांना. स्वतः चमचाभरसुद्धा चाखला नव्हता.

"मी विचारलं, मग आता काय करणार?" सर हसले. "म्हणाला, तिच्यासाठी आणलेलं ती कुणालाबी देती सर, पर माजं उष्टं ती कुणाला देत न्हाय."

 गुरम्माचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही फुटलं. लबाड कुठला! पिशवीत उरलेलं भाकऱ्यांचं एक पुडकं तिनं सरांच्या टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर पडली. घरी जाईपर्यंत ती वाटेनं एकटीच हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरेशनं अर्धा ग्लास परातीशेजारी ठेवला. "बास, अव्वा. पोट भरलं."

गुरम्मानं रोजच्या सगळ्या शिव्या घातल्या, एकही कमी नाही. मग हात धुतले, ग्लास उचलला आणि त्याच्यासमोरच शेवटच्या थेंबापर्यंत रिता केला. पोरगं चपला घालून निघालंच होतं.

"ऐक रे," तिनं हाक मारली. "उद्यापासनं दोन ग्लास कर. माज्यात गूळ कमी घाल."