पलीकडचा खुंटा

रोज संध्याकाळी ऑर्विल आयोवातल्या आपल्या अंगणात दोन लोखंडी खुंट्यांमध्ये नालफेकीचा खेळ खेळायचा: पलीकडच्या खुंट्यावर घोड्याचा नाल फेकायचा, चालत जाऊन उचलायचा आणि तिथून अलीकडच्या खुंट्यावर परत फेकायचा. पलीकडे उभी राहून नाल परत फेकणारी बायको हिवाळ्यात वारली होती. कोठारातल्या भिंतीवरच्या जुन्या नालांना मात्र तो कुणाला बोटही लावू देत नसे. आज एका संग्राहक बाईला तो सांगत होता: “हे खिळ्यांच्या भोकांचे, घोड्याच्या पायातलेच. मग खेळासाठी वेगळे घडवले, भोकं गेली. आणि हा हूकवाला, खुंट्यावरून निसटू नये म्हणून.” “सुरेख! निघते आता.” ऑर्विलनं हूकवाला भिंतीवरून काढला. “जरा अंगणात पलीकडच्या खुंट्यापाशी उभ्या राहता?” त्यानं नाल फेकला. खणकन वाजलं, हूक तुटून उडाला. “अहो, काय केलंत! असा दुसरा मिळायचा नाही!” बाई ओरडली. “तुटू दे,” ऑर्विल म्हणाला, “तुम्ही परत फेका.”