मानाची खुर्ची

"काका, या चाळीत पहिली आरती तुमच्याशिवाय कुणाच्या तोंडी शोभत नाही," विक्रांत म्हणाला. "यंदा गणपतीचं शंभरावं वर्ष. सत्कार तुमचाच."

श्यामकांतांनी आरशात पाहून फेटा सारखा केला. गिरगावातल्या त्या चाळीत आता तिसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांची पत्नी शकू, एवढेच उरले होते. बाकीच्यांनी बिल्डरच्या कागदावर सह्या करून खोल्या सोडल्या होत्या. हे दोघे उतरेपर्यंत इमारतीला हात लागणार नव्हता. विक्रांत तळमजल्यावर लहानाचा मोठा झालेला. आता त्याच बिल्डरकडे नोकरीला होता.

"तो त्यांचा माणूस आहे," शकू हळूच म्हणाली. "तुम्ही जाऊन या. मी घरात थांबते."

"मग माझा सत्कार पाहायचा कुणी? घरात याला किंमत नाही, असं म्हणू दे लोकांना?"

शकूने कुलूप हाती घेतले. श्यामकांतांनी ते काढून फळीवर ठेवले. "गणपतीच्या दिवशी या चाळीत कुणी दाराला कुलूप लावलं नाही. मी लावू?"

"वा, काका!" विक्रांतने हात जोडले. "अशी माणसं आता राहिली नाहीत."

श्यामकांतांचे गुडघे गेल्याला चार वर्षे झाली होती. चौघांनी त्यांना वेताच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणले. शकू मागून कठडा धरून उतरली.

मांडव भरला होता. विरारहून, डोंबिवलीहून जुने शेजारी आले होते. शाल झाली, श्रीफळ झाले. एका जुन्या शेजाऱ्याच्या मुलीने, वैदेहीने, मानपत्र वाचले. 'चाळीचा आधारस्तंभ' हे शब्द येताच श्यामकांतांनी हात वर केला.

"ते वाक्य पुन्हा वाच बाळ. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

तिने पुन्हा वाचले. टाळ्या पडल्या. आरती त्यांनीच उचलली. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला, तरी लोकांनी माना डोलावल्या. मग ढोल-ताशा सुरू झाला आणि बराच वेळ थांबला नाही.

थांबला तेव्हा श्यामकांत म्हणाले, "चला, आता वर न्या मला."

कुणी हलले नाही. खुर्ची उचलणारे ते चौघे दिसत नव्हते. त्या शांततेत घणाचे ठोके ऐकू आले. शकूने मागे वळून पाहिले. माणसे जिन्याच्या लाकडी पायऱ्या उखडून अंगणात टाकत होती.

"दार उघडं होतं म्हणून सामान नीट उतरवता आलं, काका," विक्रांत त्याच गोड आवाजात म्हणाला. "टेम्पो तयार आहे. नालासोपाऱ्याला खोली बघितलीये. छान आहे, तळमजल्याची."

श्यामकांतांनी शेजाऱ्यांकडे पाहिले. शेजारी हातातल्या मोदकांकडे पाहत होते.

"विक्रांत... अरे, तू माझ्या मांडीवर..."

"म्हणून तर खुर्चीतून आणलं, काका."

शकूने नवऱ्याच्या मांडीवरचे मानपत्र उचलले, घडी उलगडली आणि ते त्यांच्यासमोर धरले.

"पुन्हा वाचायला सांगू का हो?"

श्यामकांतांनी नजर वर केली. समोर टेम्पोत, गाद्यांच्या गुंडाळीला टेकून त्यांचा आरसा उभा बांधला होता. त्यात खुर्ची दिसत होती, शाल दिसत होती. फेटा एका बाजूला कलला होता. त्यांचा हात वर गेला आणि त्यांनी तो सारखा केला.