एकशे चौदावा थर

एकशे चौदाव्या थरात एकही शंख नव्हता.

प्रयोगशाळेतल्या मावशींनी मायक्रोस्कोपमधून पुन्हा पाहिलं. समुद्राच्या तळातून थराथरानं काढलेला तो गाळ त्यांनीच चाळणीवर धुतला होता, तान्ह्याची टाळू धुवावी तितक्या हलक्या हातानं. एकशे तेराव्या थरात शंखच शंख, मोहरीहून बारीक. एकशे पंधराव्यातही. मधल्यात नुसती लाल माती. उरलासुरला गाळही धुऊन झाला. तरी तेच.

"अगं, एकशे तेरामधले चार टाक की," शेजारच्या टेबलावरची सोबतीण म्हणाली. "सगळी भावंडंच ती. कोण ओळखणार आहे?"

मावशींनी शंख उचलायचा कुंचला ओला केला. बराच वेळ हातात धरला. मग चिठ्ठीवर लिहिलं : काही नाही.

चिठ्ठी वाचून प्रयोगशाळेचे प्रमुख सर कडाडले. "शंख काय चालत गेले? चाळणी फाटली होती की नजर? वर शेवटचा गाळही संपवलात!"

त्या दिवसापासून मावशींकडे बरण्या विसळणं आलं. तीस वर्षं ज्या हातांनी समुद्र निवडला, ते हात नळाखाली गेले. खिडकीजवळची त्यांची खुर्ची रिकामी राहिली. येता-जाता कुणीतरी म्हणायचंच, "मावशी, जपून हं, काचसुद्धा धुऊन टाकाल!" त्याही हसायच्या. घरी लेकीला मात्र कामाचं काही सांगायच्या नाहीत.

वर्षभरानं एका दुपारी सर स्वतःच सिंकपाशी आले. हातात कागद.

"दूरच्या समुद्रातला गाळ. दुसऱ्याच कुणी धुतलेला," ते म्हणाले. "त्याच काळाच्या थरात तिथंही शंख नाही. तेव्हा समुद्राचं पाणीच आंबट झालं होतं, मावशी. शंख विरघळून गेले. मी वीस वर्षं हाच पुरावा शोधत होतो. तुम्ही तो चिठ्ठीवर लिहून दिलात, आणि मी तुम्हाला खुर्चीवरून उठवलं. तुम्ही त्यात एक जरी शंख ठेवला असतात, तर मला कधीच कळलं नसतं."

मावशी नळाकडे बघत म्हणाल्या, "चार उचलले होते, सर. कुंचल्याच्या टोकावर. पण त्यांचं घर एकशे तेरामध्ये. पाहुणे म्हणून तरी कसे पाठवू? ठेवले परत."

सर हळूच म्हणाले, "खिडकीजवळची खुर्ची पुसून ठेवलीय. मीच पुसली. जा."

"आणि या बरण्या?"

सरांनी बाह्या दुमडल्या.