शोभेचा कापूस
रॉटरडॅमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या पद्मजाची नोकरी पक्की करायची की नाही, हे ठरवायला मुख्याध्यापिका मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. नेमका आजच वर्गातला ब्राम अडून बसला. "अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच, मॅम. दक्षिणेकडच्या राज्यांना फक्त स्वतःचे अधिकार हवे होते." पद्मजा मूळची यवतमाळची. तिने फुलदाणीतली शोभेची, कापसाची वाळकी काडी उचलून त्याच्यापुढे धरली. "एक बोंड वेच बघू." ब्रामने कापूस ओढला आणि हात झटकला, बोंडाचं टोक नखात घुसलं होतं. "उन्हात दिवसभर हेच करशील?" "मी कशाला? दुसऱ्याला लावीन." "तो नाही म्हणाला तर?" ब्रामने बोट चोखलं. मग हळूच म्हणाला, "तर त्याला जुंपायचा अधिकार लागेल. त्यासाठीच लढले." मुख्याध्यापिका हसल्या. "उरलेली बोंडं जपून ठेवा. तुम्हाला पुढच्या वर्षीही लागतील."